ड्राइव्ह रिसेट झाला आणि गव्हाण शून्यावर चालायला लागली: जुने पॅरामीटर परत कसे आणायचे?

मिल_हाऊस | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. मोळी टाकायला, म्हणजे गाळप हंगाम सुरू व्हायला, तीन आठवडे राहिलेत आणि आज जे झालं त्यावर तातडीने सल्ला हवाय, म्हणून सविस्तर लिहितो.

केन कॅरियरला, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या गव्हाणीला, ५५ किलोवॅटची मोटर आहे, तिचा वेग कमी-जास्त करायला एसीएस ५५० ड्राइव्ह. स्पीडचा सिग्नल कंट्रोल रूममधून येतो, ४ ते २० मिलीअँपिअर. फायबरायझरचा (ऊस फोडणाऱ्या यंत्राचा) लोड चढला की कॅरियर हळू, उतरला की जोरात, अशी नेहमीची रचना. ऑफ सीझनला गियरबॉक्स खोलून परत बसवला आणि ट्रायल घेताना ड्राइव्ह दोनदा ओव्हरकरंटवर ट्रिप झाला. मी तेव्हा बॉयलरकडे होतो. कॉन्ट्रॅक्टरचा एक पोरगा तिथे होता, त्याने ९९०२ नंबरच्या पॅरामीटरमध्ये (सेटिंगमध्ये) जाऊन स्टँडर्ड मॅक्रो, म्हणजे कंपनीच्या तयार सेटिंगचा संच, परत टाकला. म्हणजे फॅक्टरी रिसेटच. कोणी अडवलं नाही, कारण अडवायला हवं हे तिथल्या कोणाला माहीत नव्हतं.

मी पोचलो तेव्हा डिस्प्लेवर फॉल्ट नव्हता. कंट्रोल रूमने रन दिला, स्पीड शून्य. आणि कॅरियर हलला. सावकाश, पण थांबेना. साखळीच्या पट्ट्या एकामागून एक स्प्रॉकेटवर चढायला लागल्या. आमच्या फिटरने ग्रीस गनचं तोंड तिथून नुकतंच काढलं होतं. दोन सेकंद आधी त्याची बोटं त्याच पट्ट्यांमध्ये होती. कीपॅडवर १० हर्ट्झ दिसत होते.

लगेच बंद करून इन्कमर (मुख्य सप्लायचा स्विच) काढला, कुलूप लावलं. आता दोन प्रश्न. शून्य दिल्यावर १० हर्ट्झ आले कुठून? आणि जुने पॅरामीटर परत आणायचा काही मार्ग उरलाय का? पॅनेलच्या दारावर आतून एक शीट चिकटवलेली आहे, पण निम्मी अक्षरं उडून गेलीत.

भोसरी_४१५ | सोमवार, रात्री ११:४५

फिटर सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

रिसेटच्या आधी फॉल्टच्या वेळचा करंट कोणी लिहून घेतला होता का? नसेल तर ०४०१ उघडा, शेवटचा फॉल्ट तिथे असतो. त्याआधीचे ०४१२ आणि ०४१३ मध्ये. ०४०५ मध्ये ट्रिप झाला तेव्हाची फ्रिक्वेन्सी आणि ०४०७ मध्ये त्या वेळचा करंट. या नोंदी आधी वहीत उतरवा, बाकी सगळं नंतर. तुमचा मूळ आजार तिथे लिहिलेला आहे, आणि तो रिसेटने बरा झालेला नाही.

सर्व्हिस_बॅग | मंगळवार, सकाळी ६:५०

दादा, मी पंधरा वर्षं ड्राइव्हच्या सर्व्हिसिंगमध्ये आहे. तुमच्या १० हर्ट्झचं गणित सरळ आहे. कंट्रोल रूम शून्य म्हणते तेव्हा तारेतून ४ मिलीअँपिअर येतच असतात. २० म्हणजे १०० टक्के धरले तर ४ म्हणजे २० टक्के. म्हणून १३०१ मध्ये, म्हणजे एआय-१ (स्पीडची तार येते तो ॲनालॉग इनपुट) च्या मिनिमममध्ये, २० टक्के टाकावे लागतात, तेव्हा ड्राइव्हला कळतं की ४ हेच आपलं शून्य. रिसेट झाल्यावर तिथे परत ० आलं. मग ड्राइव्हने ४ मिलीअँपिअरचा अर्थ २० टक्के असा लावला, आणि ५० हर्ट्झचे २० टक्के म्हणजे तुमचे १०. कार्डावरचा व्होल्टेज-करंटचा छोटा स्विच बोटाने सरकवायचा असतो, तो पॅरामीटर नाही, म्हणून तो होता तसाच राहिला. सिग्नल नीट पोचला, अर्थ बदलला. रिसेटनंतरचे बरेचसे अपघात याच जातीचे असतात. तार तीच, टर्मिनल तेच, पण त्या टर्मिनलचं काम दुसरंच झालेलं.

आता याहून महत्त्वाचं. कॅरियरच्या कडेने पुल कॉर्ड, म्हणजे ओढली की मशीन थांबवणारी दोरी, असेलच. तिचा कॉन्टॅक्ट कुठे गेलाय? ड्राइव्हच्या डिजिटल इनपुटवर असेल आणि १६०१, म्हणजे रन इनेबल, त्या इनपुटला जोडलेलं असेल, तर रिसेटनंतर १६०१ पुन्हा काहीच निवडलेलं नाही या स्थितीत गेलं असणार. मग दोरी ओढूनही कॅरियर थांबणार नाही. हे तपासल्याशिवाय एक मिनिटही चालवू नका.

आणि ज्यांनी पहिल्यांदा कमिशनिंग केलं, म्हणजे ड्राइव्ह बसवून चालू करून दिला, त्यांनी युजर सेट (आपल्या सेटिंगची ड्राइव्हमध्येच ठेवलेली प्रत) सेव्ह करून ठेवला असेल, तर तुमचं नशीब चांगलं. या ड्राइव्हमध्ये दोन युजर सेट ठेवता येतात, आणि स्टँडर्ड मॅक्रो टाकल्याने ते पुसले जात नाहीत. त्याच ९९०२ मध्ये युजर सेट १ लोड असा पर्याय दिसेल. पण आज लगेच करू नका. आधी आत्ताची अवस्था, चुकीची का असेना, कीपॅडमध्ये अपलोड करून घ्या.

मिल_हाऊस | मंगळवार, सकाळी ९:१०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा पुल कॉर्डच तपासली. मोटरची केबल ड्राइव्हकडून सोडवून, फक्त ड्राइव्हला सप्लाय देऊन रन दिला आणि हेल्परला दोरी ओढायला लावली. ड्राइव्ह चालूच राहिला. कॉन्टॅक्ट डीआय-६ (सहाव्या डिजिटल इनपुट) वर आहे आणि १६०१ मध्ये काहीही निवडलेलं नाही. काल रात्री त्या फिटरचा हात अडकला असता आणि कोणी दोरी ओढली असती, तरी मशीन थांबलं नसतं.

हे लिहिताना माझा हात कापतोय.

०४०१ मध्ये ओव्हरकरंट, ०४१२ मध्येही तेच. ०४०५ मध्ये ७ हर्ट्झ.

सर्व्हिस_बॅग | मंगळवार, सकाळी ९:३०

पुल कॉर्ड फक्त ड्राइव्हच्या इनपुटवर ठेवू नका. हंगामाच्या आधी ती रिलेमार्फत कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घ्या, म्हणजे दोरी ओढली की सप्लायच तुटेल. पॅरामीटर कोणीही बदलू शकतं, तांब्याची तार नाही.

आणि फिटर लोकांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. स्पीड शून्य म्हणजे मशीन बंद नव्हे. हात घालायचा तर इन्कमर काढून कुलूप, आणि चावी ज्याचा हात आत जाणार त्याच्या खिशात. ड्राइव्हला स्वतःला हात लावायचा असेल तर सप्लाय काढल्यावर किमान ५ मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर भरलेले असतात. त्यानंतरही डीसी टर्मिनलवर मीटर लावून बघा.

७ हर्ट्झला ट्रिप म्हणजे मोटर वेग उचलतानाच ट्रिप. मोटर, केबल, टर्मिनल, गियरबॉक्स, जे जे ऑफ सीझनला उघडलं होतं ते सगळं परत बघा. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावणार असाल तर केबल ड्राइव्हपासून सुटलेलीच ठेवा. ५०० व्होल्टचा मेगर ड्राइव्हच्या आउटपुटवर गेला तर आतले आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) कायमचे जातील.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:०५

थोडं वेगळं मत आहे. आमच्याकडे प्लास्टिक एक्स्ट्रूडरवर दोन वेळा असं झालंय की ड्राइव्ह विचित्र वागत होता आणि रिसेट करून पॅरामीटर परत भरल्यावर सुरळीत चालला. त्यामुळे रिसेट वाईटच असं नाही.

भोसरी_४१५ | मंगळवार, दुपारी १:४०

दादा, तुमच्याच वाक्यात उत्तर आहे. पॅरामीटर परत भरल्यावर चालला, असं तुम्ही लिहिलंय. कोणीतरी मध्येच एखादी सेटिंग बदललेली असते, आणि सगळं नव्याने भरताना ती बरोबर होते. त्यासाठी आधीची यादी हातात लागते. ती नसताना केलेला रिसेट म्हणजे मशीनची ओळखच पुसणं. मोटर किती अँपिअरची, साखळी किती सेकंदांत उचलायची, कुठलं टर्मिनल कशासाठी, हे सगळं कमिशनिंगच्या वेळी कोणीतरी मशीनपाशी उभं राहून ठरवलेलं असतं. बॉक्समधल्या नव्या ड्राइव्हला यातलं काही माहीत नसतं.

फक्त बदललेले पॅरामीटर बघायची सोय बऱ्याच ड्राइव्हमध्ये असते. मित्सुबिशीच्या ई ७०० मध्ये पीआर सीएच नावाची यादी आहे, फॅक्टरीपेक्षा वेगळ्या किमती तेवढ्याच दाखवते. दोनशे पॅरामीटर लिहायचे नसतात, पंधरा-वीसच निघतात. बसून दहा मिनिटांत वहीत उतरतात.

अजून एक. डेल्टाच्या व्हीएफडी-ई मध्ये ००.०२ ला ९ टाकलं तर ५० हर्ट्झचा रिसेट, १० टाकलं तर ६० हर्ट्झचा. आमच्या भागात एका छोट्या युनिटमध्ये ब्लोअरवर घाईत १० गेलं होतं. बेस फ्रिक्वेन्सी (जिथे पूर्ण व्होल्टेज मिळतं ती) ६० झाली आणि तिथे ४१५ व्होल्ट धरले, की आपल्या ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झच्या मोटरला ५० हर्ट्झवर ३४६ व्होल्टच मिळतात. मोटरची जास्तीत जास्त ओढण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते, म्हणजे सुमारे ६९ टक्के उरते. आणि कोणी नॉब पूर्ण फिरवला तर ब्लोअर ६० हर्ट्झवर पळतो, सव्वापट नाही पण १.२ पट वेगाने, आणि ब्लोअरला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. १.२ चा घन १.७३. मोटर कढईसारखी तापली होती, आणि सगळे बेअरिंग बघत बसले होते.

क्रेनचा_माणूस | मंगळवार, रात्री ८:१५

धागा वाचतोय सकाळपासून. हॉइस्टवाल्यांसाठी माझी कळकळीची विनंती आहे, लोड लटकत असताना रिसेटचा विचारसुद्धा करू नका. आमच्याकडे ब्रेक ड्राइव्हच्या रिलेवरून सुटतो. मोटरने पुरेसा करंट घेतला, टॉर्क धरला, मगच रिले ओढायचा, हे पॅरामीटरमध्ये सांगितलेलं असतं. रिसेटनंतर तोच रिले तयार आहे किंवा चालू आहे असा साधा सिग्नल द्यायला लागतो. म्हणजे मोटरने वजन धरण्याआधीच ब्रेक उघडला. मी अशा वेळी हूक खाली येताना पाहिलाय, रिकामा होता म्हणून मी हे लिहू शकतोय.

आणि यास्कावाच्या ड्राइव्हवर ए१-०३ मध्ये २२२० आणि ३३३० यांतला फरक समजून घ्या. पहिला दोन वायरच्या कंट्रोलचा रिसेट, दुसरा तीन वायरचा. वायरिंग तीन वायरचं असेल आणि २२२० टाकलं, तर स्टॉपच्या बटणातून कायम येणारा सिग्नल ड्राइव्हला रनचा हुकूम वाटतो. सप्लाय येताच रन स्वीकारायची सेटिंगही चालू असेल, तर सप्लाय आला की मशीन आपोआप फिरायला लागू शकतं, तेही उलट्या दिशेने. त्याच ड्राइव्हमध्ये चांगली सोयही आहे. कमिशनिंग संपलं की ओ२-०३ ला १ टाका, तुमच्या सेटिंग्ज युजर डिफॉल्ट म्हणून जमा होतात. पुढे कधी रिसेट करायचाच झाला तर ए१-०३ ला १११० टाकायचं, म्हणजे कंपनीचं नाही, तुमचं मशीन परत येतं.

मिल_हाऊस | बुधवार, संध्याकाळी ७:००

काम झालं. सगळ्यांचे मनापासून आभार, क्रमाने सांगतो.

मूळ आजार मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये होता. झाकण उघडल्याबरोबर जळकट वास आला. गियरबॉक्स काढताना मोटर मागे सरकवली होती, त्यासाठी केबल सोडवली होती, आणि परत जोडताना मधल्या फेजचा नट नुसता हाताने बसवलेला. केबलच्या टोकाचा लग निळसर काळा पडलेला, वरची स्लीव्ह बोट लावताच बिस्किटासारखी चुरली. तो फेज कधी धरायचा, कधी सोडायचा. उरलेल्या दोन फेजवर मोटर उचलायचा प्रयत्न करायची आणि ७ हर्ट्झपर्यंत येऊन ड्राइव्ह सुटायचा. ड्राइव्हने त्याचं काम चोख केलं होतं. दोन वेळा सांगितलं की करंट जास्त जातोय, आणि आपण त्याचीच स्मृती पुसली.

नवा लग क्रिंप केला, तिन्ही नट टॉर्क रेंचने आवळले. मेगर घेतला, चांगला आला.

मग ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी आत्ताची अवस्था कीपॅडमध्ये अपलोड केली आणि ९९०२ मधून युजर सेट १ लोड केला. होता! बारा वर्षांपूर्वी कमिशनिंगला आलेल्या माणसाने तो सेव्ह करून ठेवला होता. मला त्याचं नावही माहीत नाही. १३०१ मध्ये २० टक्के आले, १६०१ मध्ये डीआय-६ आलं, मोटरचे अँपिअर नेमप्लेटशी जुळले.

पण एक गोष्ट जुळली नाही. उचलण्याचा वेळ, २२०२, सेटमधून १५ सेकंद आला. दारावरच्या शीटवर मात्र कोणीतरी निळ्या पेनने १५ खोडून २५ केलेले. जुनी लॉगबुकं काढली, तर चार हंगामांपूर्वी नवी, जड साखळी बसवली तेव्हा हा बदल केल्याची नोंद सापडली. बदल केला, पण सेट पुन्हा सेव्ह केला नव्हता. २५ केले. रिसेटनंतर तिथे ५ सेकंद आले होते, म्हणजे त्या पोराने फॉल्ट घालवायला जे केलं त्याने करंट आणखी वाढणार होता.

आज दुपारी रिकामा कॅरियर दोन तास चालवला. कंट्रोल रूमने शून्य दिलं, साखळी जागेवर. दोरी ओढली, थांबला. तीन वेगवेगळ्या जागांवरून ओढून पाहिली.

डोंबिवली_ते_मस्कत | बुधवार, रात्री ९:४०

वा, छान झालं. इथे पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर आहे. सेव्हबद्दल थोडी भर घालतो, कारण बदल केला आणि सेव्ह झाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एसीएस ५५० मध्ये कीपॅडवरून केलेला बदल साधारणपणे आपोआप कायम मेमरीत जातो. पीएलसीने (मशीन चालवणाऱ्या कंट्रोल कॉम्प्युटरने) कम्युनिकेशनवरून केलेला जात नाही. तो सप्लाय गेला की गेला, जोवर १६०७ मधून पॅरामीटर सेव्ह करत नाही तोवर. आमच्याकडे एका पंपाचा रॅम्प (वेग उचलायचा वेळ) दर वीज गेल्यावर जुन्या किमतीवर यायचा, आठवडाभर कोडं सुटत नव्हतं. कारण हेच निघालं.

याच्या उलट चूकही होते. काही ड्राइव्ह कम्युनिकेशनवरून आलेली प्रत्येक किंमत कायम मेमरीत लिहितात. त्या मेमरीचं आयुष्य साधारण एक लाख वेळा लिहिण्याइतकं धरतात. पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये कोणी दर सेकंदाला पॅरामीटर पाठवत असेल तर दिवसाचे ८६,४०० होतात. दीड दिवसही पुरणार नाही. मित्सुबिशीत यासाठी ३४२ नंबरचा पॅरामीटर आहे, १ टाकला की फक्त तात्पुरत्या मेमरीत लिहितो.

नवा_वायरमन | गुरुवार, सकाळी ८:२५

सर, ताई, एक शंका. आमच्याकडे २२ किलोवॅटचा ड्राइव्ह जळाला, स्टोअरमध्ये ३७ चा पडून आहे. जुन्याचा कीपॅड काढून नव्याला लावला आणि डाउनलोड दिला तर चालेल का?

सर्व्हिस_बॅग | गुरुवार, सकाळी ९:००

जुन्याचा डेटा जळण्याआधी कीपॅडमध्ये अपलोड केलेला असेल तरच. नुसता कीपॅड लावून ठेवल्याने त्यात काही जमा होत नाही, अपलोड आपल्याला द्यावा लागतो.

आणि साइज वेगळी असेल तर पूर्ण सेट टाकू नका. एसीएस ५५० च्या कीपॅडवर डाउनलोडचे वेगवेगळे पर्याय येतात. फुल सेट हा त्याच प्रकारच्या, त्याच मोटरच्या ड्राइव्हसाठी. तुमच्यासाठी ॲप्लिकेशनवाला, त्यात मोटरचे आकडे येत नाहीत. ते तुम्ही नेमप्लेटवरून हाताने भरा. डॅनफॉसमध्ये हाच फरक ०-५० मध्ये आहे, एक पर्याय सगळं घेतो, दुसरा साइजवर अवलंबून नसलेलं तेवढंच. सीमेन्सच्या व्ही२० ला वेगळा पॅरामीटर लोडर मिळतो, मेमरी कार्ड घालून. ड्राइव्हला सप्लाय न देता बॅटरीवर कॉपी करता येते, स्टोअरच्या टेबलावरच काम होतं. पण व्ही२० मध्ये पी०९७० ला १ आणि २१ मधला फरक लक्षात ठेवा. १ दिलं तर तुमचा सेव्ह केलेला युजर डिफॉल्ट असेल त्यावर येतो. २१ दिलं तर तोही पुसून टाकतो.

डाउनलोडनंतर कपलिंग सोडून मोटर नुसती फिरवा, दिशा बघा, क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट बघा. मगच मशीन जोडा.

मिल_हाऊस | शनिवार, रात्री १०:१०

कळवायचं राहिलं होतं. मिल हाऊस आणि बॉयलर मिळून आमच्याकडे एकोणीस ड्राइव्ह आहेत. दोन दिवसांत एक सोडून सगळ्यांच्या बदललेल्या पॅरामीटरची यादी लिहून काढली, ज्यांना सोय आहे त्यांचे युजर सेट नव्याने सेव्ह केले. प्रत्येक शीट दोन प्रतींत, एक दारावर लॅमिनेट करून, एक स्टोअरच्या कपाटात. शीटच्या वर तारीख, मोटरचे अँपिअर, कार्डावरच्या स्विचची स्थिती, आणि कुठल्या इनपुटवर कुठला इंटरलॉक आहे ते. स्विचची स्थिती लिहायचं आमच्या त्या फिटरने सुचवलं, तो शेजारी उभा राहून सगळं वाचत होता.

पुल कॉर्ड कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घेतली. कॉन्ट्रॅक्टरच्या त्या पोराला बोलावून हे वायरिंग त्याच्याच हातून करून घेतलं. तो चांगला कामाचा मुलगा आहे, त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं. बगॅस कन्व्हेयरचा एक ड्राइव्ह तेवढा राहिलाय, त्याला पासवर्ड आहे आणि तो कोणाकडेच नाही. त्याच्या कंपनीच्या सर्व्हिसला सोमवारी फोन करतो.